एकोणीस हजार सातशे पौंड आणि अकरा हजार फूट: एका पिकअपच्या इंजिन-गिअरची निवड

मित्राचा फोन आला तेव्हा ट्रेलर आधीच बुक झाला होता. फिफ्थ व्हील कॅम्पर, म्हणजे ज्याचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यातल्या हिचवर बसतो असा. हिच म्हणजे ट्रेलर जोडायची जोडणी. लांबी ३३ फूट, सामान भरल्यावर वजन ११,८०० पौंड, म्हणजे साधारण ५,३५० किलो. निवृत्तीनंतर दोघांनी अमेरिकेचा पश्चिम भाग सावकाश फिरायचा, असं त्यांचं कित्येक वर्षांपासून ठरलेलं. राहायला डेन्व्हरजवळ, त्यामुळे पश्चिमेला कुठेही जायचं तर आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा आलाच. मित्र म्हणाला, "अरे, विक्रेता म्हणतोय २५० वर्गातलं डिझेल घ्या, घर ओढून नेईल. फक्त ॲक्सल रेशो कुठला ते मला कळत नाहीये. तेवढं सांग."

तेवढं सांगून भागणार नव्हतं. ॲक्सल रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाकडून आलेला दांडा किती वेळा फिरतो तो आकडा, हा या निर्णयातला शेवटचा प्रश्न आहे आणि लोक सुरुवात तिथूनच करतात. नाहीतर हॉर्सपॉवरपासून करतात. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते यासाठी की आकडे मांडत गेलो तसा निर्णय दोनदा फिरला, आणि वर्षानुवर्षं पक्की असलेली माझी एक समजूतही मोडली.

आधी वापर विचारून घेतला. वर्षाला ट्रेलरसकट साधारण ६,००० मैल. ट्रेलरशिवाय आणखी ६,०००, त्यातले बरेचसे चार-पाच मैलांच्या फेऱ्यांचे. बोगद्याचा घाट वर्षातून आठ-दहा वेळा. गाडी दोघंही आळीपाळीने चालवणार. वहिनींनी मात्र एक अट आधीच सांगून ठेवली: "चढावर मागे राहिलो तरी चालेल. उतारावर गाडी माझ्या ताब्यात पाहिजे." सगळ्या चर्चेत याहून नेमकं वाक्य कुणी बोललं नाही.

दारावरचं स्टिकर

अमेरिकेत पिकअपच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये, तो आकडा त्यावर असतो. हाच पेलोड. जाहिरातीतली ओढण्याची क्षमता सर्वात साध्या मॉडेलची असते. स्टिकरवरचा आकडा त्या एका गाडीचा असतो, तिच्या सनरूफ-सीटांसकट वजन धरून काढलेला.

फिफ्थ व्हीलचं १५ ते २५ टक्के वजन थेट पिकअपच्या हौद्यात येतं. त्याला पिन वेट म्हणतात. मागे बंपरखाली जोडायच्या साध्या ट्रेलरचं १० ते १५ टक्केच येतं. मित्राच्या ट्रेलरची माहितीपत्रिका २० टक्के धरत होती. मी त्यांना सांगितलं, त्याच मॉडेलचा भरलेला ट्रेलर कुणाकडे असेल तर वजनकाट्यावर घालून बघा. निघालं २,४२० पौंड. त्यात हिच १८०, दोन माणसं ३४०, हौद्यातला जनरेटर, हत्यारं आणि लाकूडफाटा २५०. बेरीज ३,१९० पौंड.

विक्रेत्याने दाखवलेल्या २५० वर्गातल्या डिझेल गाडीच्या स्टिकरवर आकडा होता २,०५०.

तिथेच विषय संपला. इंजिन कितीही ताकदवान असो, मागचा ॲक्सल, स्प्रिंग आणि टायर यांच्यावर हजार पौंडांहून जास्त बोजा जादा पडणार होता. डिझेल इंजिन, त्याचा टर्बो आणि धूर शुद्ध करायची यंत्रणा मिळून पेट्रोल इंजिनापेक्षा काहीशे पौंड जड असतात. २५० वर्गात गाडीचं एकूण मान्य वजन बहुतेक वेळा १०,००० पौंडांच्या आसपास बांधलेलं असतं, म्हणून इंजिनाचं जादा वजन सरळ पेलोडमधून वजा होतं. ज्या गाडीला "सगळ्यात ताकदवान" म्हणून विकतात तीच सगळ्यात कमी पेलते, हे ऐकून मित्र बराच वेळ गप्प बसला.

२५० वर्गातली पेट्रोल गाडी २,७०० पर्यंत जात होती. तीही कमीच. मग त्याच्या वरचा, जास्त वजन पेलणारा ३५० वर्ग. मागे एकेरीच चाकं. तिथे पेट्रोल गाडीचं स्टिकर ३,९५० दाखवत होतं आणि डिझेलचं ३,४३०. दोन्ही चालणाऱ्या. डिझेलमध्ये हाताशी उरत होते २४० पौंड, पेट्रोलमध्ये ७६०. ज्यांना कॅम्पिंगची सवय आहे त्यांना माहीत आहे की दुसऱ्या वर्षी सामान कधीच कमी होत नाही.

आता रिंगणात दोनच उमेदवार राहिले, दोन्ही फोर्डच्या एफ-३५० मधले. एक ७.३ लिटर पेट्रोल व्ही-८: मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर ४३० हॉर्सपॉवर, ४,००० फेऱ्यांवर ४७५ पौंड-फूट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. २०२० च्या मॉडेलपासून आलेलं, जुन्या पुशरॉड पद्धतीचं साधं इंजिन. दुसरं ६.७ लिटर टर्बो डिझेल: ४७५ हॉर्सपॉवर आणि १,०५० पौंड-फूट. दोन्हींना दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. डिझेलची किंमत सुमारे १०,००० डॉलर जास्त.

घाटाचा हिशेब

टॉर्कचे आकडे शेजारी ठेवले की डिझेल दुपटीहून मोठं दिसतं आणि माणूस तिथेच हरतो. पण टॉर्क गिअरने वाढवता येतो. हॉर्सपॉवर गिअरने वाढत नाही. चढावर ठरावीक वजन ठरावीक वेगाने वर न्यायला ठरावीक हॉर्सपॉवर लागते, आणि ती इंजिनातूनच यावी लागते. हे एकदा नीट मनात बसलं की निम्मा गोंधळ आपोआप कमी होतो.

पिकअप रिकामी ७,१५० पौंड, त्यात ३,१९० चा भार, आणि ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर उरलेले ९,३८०. सगळं मिळून साधारण १९,७०० पौंड.

सिल्व्हरथॉर्न गावापासून पूर्वेकडे बोगद्यापर्यंतचा चढ जवळपास आठ मैलांचा आहे, काही ठिकाणी ७ टक्के. बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर. ७ टक्के चढावर १९,७०० पौंडांना मागे खेचणारं बल होतं १,३८० पौंड. टायरांचा विरोध साधारण २००. वाऱ्याचा विरोध ताशी ४५ मैलांवर, तिथली विरळ हवा धरून, २४० च्या आसपास, कारण कॅम्पर म्हणजे रस्त्यावरून चालणारी भिंतच. एकूण १,८२०. याला वेगाने गुणून ३७५ ने भागलं की चाकांपाशी लागणारी हॉर्सपॉवर मिळते: २१८. गिअरबॉक्स आणि ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियन गिअरमध्ये वाया जाणारा हिस्सा धरला तर इंजिनाकडून २५७ हवी. ताशी ६० मैलांनी चढायचं म्हटलं तर हाच आकडा ३७८ वर जातो.

डिझेलचा टर्बो विरळ हवेतही सिलिंडर भरून देतो, त्यामुळे ४७५ मधली बरीचशी ताकद वरपर्यंत टिकते. ते इंजिन ६० ने चढेल. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के घटते. ११,००० फुटांवर ४३० मधले उरतात साधारण २९०. म्हणजे गिअर अगदी जुळून आला तर ४८-४९ मैलांचा वेग, त्यापुढे नाही. फोर्डची टोइंग मार्गदर्शिकाही हेच वेगळ्या शब्दांत सांगते: पहिल्या हजार फुटांनंतर दर हजार फुटांना गाडी-ट्रेलरचं एकत्रित वजन २ टक्क्यांनी कमी धरा.

इथे जाहिरातीतल्या ओढण्याच्या क्षमतेबद्दल थोडं सांगायला हवं. ती एसएई जे२८०७ या मानकानुसार ठरते. त्यातली मुख्य चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर होते: ११.४ मैल, १०० अंश फॅरेनहाइटच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून. मागे एकेरी चाकं असलेल्या गाडीने ताशी ४० मैलांच्या खाली जायचं नाही. चाचणी कडक आहे, मला तिच्याबद्दल आदर आहे. पण तो चढ साडेतीन हजार फुटांच्या आसपास संपतो. कोलोरॅडोत तेवढ्या उंचीवर चढ सुरूसुद्धा झालेला नसतो. तिथे पास झालेलं पेट्रोल इंजिन बोगद्यापाशी पोचतं तेव्हा त्याच्या ताकदीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गळून गेलेला असतो.

मग डिझेलच घ्यावं का? मित्राचा कल तिकडे झुकला आणि खरं सांगायचं तर माझाही. पण वेळ मोजून बघितला. आठ मैल ६० ने गेलं तर ८ मिनिटं, पेट्रोलने ४३ ने गेलं (हा आकडा कसा आला ते पुढे सांगतो) तर ११. तीन मिनिटांचा फरक, वर्षातून दहा वेळा धरला तरी अर्धा तास. इंधनाचा हिशेबही मांडला. ट्रेलरसकट पेट्रोल गॅलनला ७.५ मैल, डिझेल १०.५, ट्रेलरशिवाय १४ आणि १८. भाव धरला पेट्रोलचा ३.२० डॉलर, डिझेलचा ३.८०. वर्षाला डिझेल सुमारे ५०० डॉलर वाचवत होतं, त्यातले निम्म्याहून जास्त डीईएफ (धूर शुद्ध करायला लागणारा द्रव), जास्तीचं ऑइल आणि महाग फिल्टर यांत जातील असा अंदाज. दहा हजारांची भरपाई यातून होत नाही. विकताना डिझेलला चांगली किंमत येते, त्यातला मोठा भाग परत मिळतो, हेही खरं. तरी पैशाच्या बाजूने डिझेलकडे ओढून नेईल असं काही उरलं नाही.

त्यात त्या चार-पाच मैलांच्या फेऱ्या. डिझेलच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जाळायला तो बराच वेळ चांगला तापलेला राहावा लागतो. रोज बाजारापर्यंत जाऊन इंजिन बंद करणाऱ्या गाडीत हे पुरतं होत नाही, आणि ती दुरुस्ती स्वस्त नसते. आठवड्याला पाचशे मैल ओढणाऱ्याला हा प्रश्न येत नाही. या दोघांना आला असता.

माझी समजूत कुठे मोडली

पेट्रोल घ्यायचं तर ॲक्सल रेशो कुठला, ३.५५ की ४.३०? ४.३० म्हणजे चाकाच्या एका फेरीला पिनियनच्या ४.३० फेऱ्या. आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त आणि इंजिनाच्या फेऱ्याही जास्त. माझं उत्तर तयारच होतं: घाटात ओढायचं तर ४.३०, त्यात विचार काय करायचा. कागदावर मांडलं आणि उत्तर तसं येईना.

गिअर असे: पहिला ४.६१५, दुसरा २.९१९, तिसरा २.१३२, पुढे सातवा बरोबर १.००, दहावा ०.६३२. टायर २७५/७०आर१८, म्हणजे उंची साधारण ३३.२ इंच. यावरून कुठल्याही वेगाला इंजिनाच्या फेऱ्या काढता येतात.

ताशी ४५ मैलांवर ४.३० चा ॲक्सल असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ४,१७५ फेऱ्यांवर असतं. दुसऱ्यात टाकलं तर ५,७०० च्या वर, म्हणजे ताकदीच्या शिखरापलीकडे. तेच ३.५५ असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये ४,७२०. म्हणजे या विशिष्ट चढावर, या विशिष्ट वेगाला, "कमजोर" म्हणून हिणवला जाणारा ३.५५ इंजिनाला जास्त सोयीच्या जागी ठेवतो! ४.३० ने गाडी ४३ च्या आसपास स्थिरावेल, ३.५५ ने ४७-४८. मी हिशेब तीनदा तपासला. बरोबर होता.

कारण साधं आहे आणि ते मला आधीच सुचायला हवं होतं. ॲक्सल रेशोचं सगळं लोकज्ञान जुन्या गिअरबॉक्सच्या काळातलं आहे. १९६४ मध्ये आलेल्या जनरल मोटर्सच्या टर्बो-हायड्रामॅटिक ४०० ला तीनच गिअर होते: २.४८, १.४८, १.००. दोन गिअरमधली दरी एवढी मोठी की घाटातला वेग त्या दरीत पडला तर इंजिन एकतर किंचाळे, नाहीतर दम सोडी. तेव्हा ॲक्सल हाच एक उपाय होता. दहा गिअरच्या पेटीत मधल्या पायऱ्या एकमेकींच्या बऱ्याच जवळ आहेत. चढ जेवढ्या फेऱ्या मागतो तेवढ्या फेऱ्यांचा गिअर पेटी शोधून काढतेच. ॲक्सल बदलला तर गिअरचा क्रमांक बदलतो, इंजिनाच्या फेऱ्या फारशा नाहीत. सपाटीवर ६५ मैलांचा वेग आणि समोरून २० चा वारा असा दुसरा प्रसंग मांडून पाहिला, कॅन्सासच्या मैदानात असतो तसा. तिथेही बोगद्याच्या घाटाएवढीच, २८० च्या आसपास हॉर्सपॉवर लागते. ४.३० वाली गाडी सहाव्या गिअरमध्ये ३,६१० फेऱ्यांवर जाईल, ३.५५ वाली पाचव्यात ३,५५० वर. कानाला फरक कळणारसुद्धा नाही.

बोगद्याच्या चढावर मात्र नेमकी दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमधली फट लागते, आणि खालच्या पायऱ्यांमधल्या फटी अजूनही मोठ्याच आहेत. दुसऱ्या कुठल्या चढावर, दुसऱ्या कुठल्या वजनाला निकाल उलटा लागेल. उदाहरणार्थ, कमी उंचीवरच्या ताशी ५५ च्या चढावर ४.३० तिसऱ्यात ५,१०० फेऱ्यांवर छान बसतो आणि ३.५५ ला तिथे दुसरा गिअर फार खाली, तिसरा किंचित वर पडतो. म्हणून कुणी "४.३० म्हणजे ४.३०" किंवा "आता दहा गिअर आहेत, ३.५५ पुरे" असं म्हटलं तर त्याच्या चढाचे, वजनाचे आणि टायरचे आकडे विचारावेत. टायर विसरू नये. नंतर ३५ इंची टायर बसवले की ४.३० चा ॲक्सल जवळजवळ ४.०८ सारखा वागतो.

तरीही ४.३० का

जिथे गिअर संपतात तिथे ॲक्सल महत्त्वाचा ठरतो. पहिल्याच्या खाली गिअर नाही. रिव्हर्स एकच आहे.

पहिला गिअर आणि ॲक्सल मिळून ४.३० मध्ये टॉर्क १९.८ पट होतो, ३.५५ मध्ये १६.४ पट. जवळपास २१ टक्क्यांचा फरक. (जुन्या तीन गिअरच्या पेटीला ४.१० चा ॲक्सल लावूनही हा आकडा दहाच्या आसपास येई, त्यामुळे आजचा ३.५५ सुद्धा तसा दुबळा नाही.) हायवेवर निघताना हा फरक जाणवत नाही. पण लेडव्हिलच्या आसपास, दहा हजार फुटांवर, चढाच्या खडीवरून बारा हजारांचा ट्रेलर इंच-इंच मागे ढकलत कॅम्पसाइटच्या जागेत घालायचा असेल, तर तो २१ टक्के म्हणजे गिअरबॉक्समधला टॉर्क कन्व्हर्टर तापवत रेस देत राहणं आणि पायाच्या हलक्या दाबावर गाडी सरकवणं यातला फरक आहे.

दुसरं कारण उताराचं, म्हणजे वहिनींच्या अटीचं. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की तोच रस्ता खाली जातो. त्या उतारावर ताबा सुटलेल्या ट्रकांना शिरण्यासाठी खडीचे रॅम्प बांधलेले आहेत, ते शोभेला नाहीत. ताशी ४० ने उतरताना १९,७०० पौंड धरून ठेवायला सुमारे १०५ हॉर्सपॉवर कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकमध्ये जिरवली तर १,५०० वॅटचे पन्नासाहून जास्त रूम हीटर दहा-बारा मिनिटं चाकांजवळ जळत ठेवल्यासारखं होतं. ब्रेक तिथेच दगा देतात. डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक असतो, बटण दाबलं की टर्बो धुराची वाट आवळतो आणि गाडी मागून कुणी धरल्यासारखी उतरते. या एका बाबतीत डिझेल निर्विवाद पुढे आहे, आणि पेट्रोल निवडायचं तर या कमतरतेला उत्तर द्यावंच लागतं.

पेट्रोल इंजिनही थ्रॉटल मिटलं की गाडी धरतं, पण फेऱ्या जास्त असतील तरच. ४० वर दुसऱ्या गिअरमध्ये ४.३० चं इंजिन ५,०८० फेऱ्यांवर असतं, ३.५५ चं ४,१९० वर. ३.५५ ला आणखी खाली पहिल्यात टाकावं तर त्या वेगाला ते शक्यच नाही. म्हणजे चढावर जो गिअर ४.३० ला अडचणीचा होता तोच उतारावर त्याच्या कामी येतो. त्या दोघांच्या प्राधान्यात उतार चढाच्या आधी होता, म्हणून चढावरचे चार-पाच मैल मी हसत सोडले.

तिसरं म्हणजे उत्पादक स्वतः ४.३० असलेल्या पेट्रोल गाडीला एकत्रित वजनाची मर्यादा जास्त देतो. त्या उंचीवर २ टक्क्यांचा नियम लावल्यावर ही जादा जागा उपयोगी पडते. तोटा काय? ट्रेलरशिवाय ७५ ने जाताना दहाव्या गिअरमध्ये २,०६० फेऱ्या, ३.५५ असता तर १,७००. थोडं पेट्रोल जास्त जाणार. ते मान्य केलं.

ठरलं: एफ-३५०, ७.३ पेट्रोल, ४.३० लॉकिंग ॲक्सल, ट्रेलर ब्रेक कंट्रोलर कारखान्यातूनच बसवलेला.

पहिला हंगाम

पहिल्यांदा बोगदा चढताना मी मागच्या सीटवर होतो. परतीचा प्रवास, जुलैची दुपार. सिल्व्हरथॉर्न सोडल्यावर टो/हॉल मोडमध्ये (ओझं ओढताना लावायची सेटिंग) गाडीने आधी चौथा, मग तिसरा घेतला, आणि शेवटच्या तीव्र चढाला दुसरा. फेऱ्या ५,२०० च्या पुढे. इंजिनाचा पंखा पूर्ण जोराने फिरू लागला की जो घरघराट होतो त्यापुढे बोलणं ऐकू येत नाही. मित्राने नकळत ॲक्सिलरेटर सोडला. "अरे, मोडेल रे हे!" मी म्हटलं, दाब. हे इंजिन इथे काम करायलाच बनवलंय. ५,००० फेऱ्या म्हणजे त्याची मेहनत आहे, आजार नाही. कमी फेऱ्यांवर पाय दाबून धरलेलं इंजिन जास्त त्रासात असतं. गिअरबॉक्सचं तापमान २१२ अंश फॅरेनहाइटपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. वेग ४१. माझ्या हिशेबात ४३ होता. दुपारची गरम हवा आणखी विरळ असते, ती मी धरली नव्हती. उजव्या लेनमध्ये, धोक्याचे दिवे चालू ठेवून, आमच्यापुढे दोन मालट्रक आणि मागे एक, असा तो चढ सरला.

उतरणं वहिनींनी त्याआधीच, जाताना, केलं होतं. बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच ३८ वर वेग आणून दुसरा गिअर धरला. संपूर्ण उतारात ब्रेकला पाय सात वेळा लागला. मी मोजत होतो. प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद ठाम दाब आणि मग पूर्ण सोडणं, सतत हलका पाय ठेवून घासत जाणं नाही. खाली थांबल्यावर मी चाकांजवळ हात नेला. गरम होती, वास नव्हता. वहिनींनी गाडीतून उतरून फक्त "हं" म्हटलं आणि थर्मासमधला चहा ओतला.

लेडव्हिलजवळच्या त्या चढाच्या जागेत ट्रेलर मागे घालताना ४.३० ने आपलं काम केलं. रेस न देता, जवळजवळ आयडलवर, तो सरकत गेला.

एक गोष्ट मात्र मी कमी लेखली होती. टाकी ३४ गॅलनची. ७.५ ची सरासरी धरली तर २५५ मैल, राखीव सोडून जेमतेम २१०. वाऱ्याच्या दिवशी त्याहून कमी. डिझेलवाले मालट्रकांच्या रुंद लेनमध्ये जाऊन भरून येतात. पेट्रोलचे पंप मोटारींसाठी असतात, अरुंद आणि वळणाचे, आणि पन्नास फुटांच्या आसपासची जोडगाडी तिथे घालणं म्हणजे प्रत्येक वेळी आधी पायी जाऊन जागा बघणं. लांब हौद्याच्या मॉडेलला ४८ गॅलनची टाकी मिळते. माझ्या प्रश्नावलीत टाकीचा प्रश्न आठव्या क्रमांकावर होता, तो पेलोडच्या खालोखाल हवा होता. मित्राला मी तसं सांगितलं. आता तो प्रवास दीडशे-एकशेऐंशी मैलांच्या टप्प्यांत आखतो, आणि पंप आधी उपग्रहाच्या नकाशात बघून ठेवतो, आत शिरायची आणि बाहेर पडायची वाट कुठली ते.

ट्रेलर १४,००० पौंडांचा असता, किंवा वर्षाला पंधरा हजार मैल ओढायचे असते, तर याच टेबलावर याच पद्धतीने ३५० चं डिझेल आणि बहुधा मागे दुहेरी चाकं आली असती. गेल्या महिन्यात मित्राच्या शेजाऱ्यांनी मला बोलावलं. त्यांना घोड्यांचा ट्रेलर ओढायचा आहे, आणि त्यांच्याकडे २५० डिझेल आधीपासून आहे. मी आधी दाराच्या स्टिकरचा फोटो मागवलाय.